विमानप्रवासाचा कार्बन-भार कमी कसा करावा: तिकिटाआधी आणि तिकिटानंतर

विमानप्रवासाने होणारी पर्यावरणाची हानी कमी करायची असेल तर काय करावे, असे कोणी विचारले की स्वतःची पाण्याची बाटली बरोबर न्यावी, बोर्डिंग पास कागदावर छापू नये, बॅग हलकी ठेवावी, अशा सूचना पुढे येतात. त्या चुकीच्या नाहीत. पण त्यांतून वाचणारा कार्बन डायऑक्साइड ग्रॅममध्ये किंवा फार तर काही किलोंमध्ये मोजावा लागतो, तर लांब पल्ल्याच्या एकाच जाऊन-येऊन प्रवासात प्रत्येक प्रवाशामागे टनाच्या आसपास वायू हवेत जातो. चिल्लर जपायची आणि नोटा उधळायच्या, असा हा प्रकार होतो. म्हणून येथे उपायांचा क्रम ढोबळमानाने त्यांच्या वजनावरून लावला आहे. ज्या निर्णयाने सर्वांत जास्त फरक पडतो तो आधी येतो, आणि तो बहुतेक वेळा तिकीट काढण्यापूर्वी, घरी किंवा कचेरीत बसून घ्यायचा असतो. विमानतळावर पोहोचेपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असते.

आधी आकडा काढावा

जेट विमाने जे केरोसीन जाळतात त्याच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जाळलेल्या इंधनापेक्षा निघालेल्या वायूचे वजन जास्त कसे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. इंधनातील कार्बनचा प्रत्येक अणू जळताना ऑक्सिजनचे दोन अणू जोडून घेतो, आणि हा ऑक्सिजन विमानाने बरोबर नेलेला नसतो, तो वाटेतल्या हवेतून घेतलेला असतो.

आता एक हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. आधुनिक प्रवासी विमानाला एका आसनामागे १०० किलोमीटरसाठी स्थूलमानाने ३ लिटर इंधन लागते. ६,००० किलोमीटर दूर असलेल्या शहरी जाऊन परत यायचे म्हणजे १२,००० किलोमीटर, अर्थात एका आसनामागे ३६० लिटर. एक लिटर केरोसीनचे वजन ८०० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे इंधन झाले २८८ किलो, आणि त्याला ३.१६ ने गुणले की ९१० किलो कार्बन डायऑक्साइड. सगळीच आसने भरलेली नसतात. जगभराची सरासरी पाहिली तर शंभरांतील ८३ भरतात. रिकाम्या आसनांचा वाटाही बसलेल्या प्रवाशांवरच येत असल्याने आकडा १,१०० किलोंच्या जवळ जातो. विमानाच्या पोटात मालही असतो आणि काही भार त्याच्या नावावर टाकता येतो, म्हणून ‘एक टन’ हा गोल आकडा लक्षात ठेवण्यास पुरेसा आहे. जगातील दरडोई वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन पावणेपाच टनांच्या जवळपास आहे, हे शेजारी ठेवून पाहिले की एका फेरीचे वजन कळते.

जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानवाहतुकीचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, हे ऐकून अनेकांना हायसे वाटते. हा दिलासा फसवा आहे. स्टेफान गॉसलिंग आणि आंद्रेयास हुम्पे यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानवाहतुकीच्या निम्म्याहून अधिक उत्सर्जनाला लोकसंख्येचा फार तर एक टक्का भाग जबाबदार होता. अडीच टक्के ही सरासरी कधीच विमानात न बसलेल्या बहुसंख्यांना धरून काढलेली आहे; वर्षातून चार-पाच वेळा उडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खात्यात मात्र विमानप्रवास हीच सर्वांत मोठी रक्कम असण्याची शक्यता दाट असते.

हिशेबासाठी इंटरनेटवर अनेक गणनयंत्रे आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिचे गणनयंत्र केवळ कार्बन डायऑक्साइड मोजते, तर इतर काही यंत्रे उंचीवर होणाऱ्या अन्य परिणामांसाठी आकडा वाढवून देतात. ब्रिटिश सरकारच्या मार्गदर्शनात त्यासाठी १.७ हा गुणक सुचवलेला आहे. त्यामुळे एकाच प्रवासाचे दोन यंत्रांवरचे आकडे एकमेकांच्या जवळजवळ दुपटीचे दिसले तरी गोंधळून जाऊ नये. एक यंत्र निवडावे, वर्षभर तेच वापरावे आणि स्वतःच्या दोन पर्यायांची तुलना त्याच्यावरच करावी.

फेऱ्या कमी, मुक्काम मोठा

सर्वांत परिणामकारक उपाय अर्थातच न केलेला प्रवास हा आहे, पण ‘उडूच नका’ एवढे सांगून कोणाचा उपयोग होत नाही. प्रश्न कोणती फेरी टाळता येते आणि कोणती जोडता येते हा आहे. यासाठी मी एक साधी वही ठेवतो. प्रत्येक प्रवासाची एक ओळ, आणि त्या ओळीत तारीख, अंतर, काम, तेथे प्रत्यक्ष कामात गेलेले तास आणि कार्बनचा आकडा. पहिल्या वर्षीच्या सात ओळी एकाखाली एक वाचताना त्यांतील दोन ओळींवर नजर अडकली. दोन्ही प्रवास एकाच शहराचे, एकाच संस्थेच्या कामासाठी, अकरा दिवसांच्या अंतराने केलेले, आणि दोन्ही वेळा ‘कामात गेलेले तास’ या रकान्यात दोनहून लहान आकडा होता. त्या वेळी दोन्ही फेऱ्या अपरिहार्य वाटल्या होत्या. दुसऱ्या बैठकीची तारीख पहिल्या बैठकीतच ठरली होती. ती आठवडाभर अलीकडे आणता येईल का, हे कोणी विचारले नव्हते, आणि त्या कोणीमध्ये मीही होतो.

कामाच्या प्रवासाला होकार देण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारून पाहावेत. तेथे जाऊन जे करायचे आहे ते ऑनलाइन बैठकीत होणार नाही, याचे नेमके कारण काय? नवी ओळख, अवघड वाटाघाटी, यंत्राची प्रत्यक्ष पाहणी ही कारणे खरी आहेत. ‘दरवेळी जातो’ हे कारण नव्हे. तीन जणांनी जाण्याऐवजी एकाने जाऊन चालेल का? त्याच भागातील दुसरे काम या फेरीला जोडता येईल का? परिषद किंवा मेळावा भरवणाऱ्यांच्या हातात तर याहून मोठी किल्ली असते. येणाऱ्यांची शहरे कागदावर मांडून दोन-तीन संभाव्य ठिकाणांसाठी सर्वांच्या प्रवासाच्या किलोमीटरची बेरीज केली, तर केवळ ठिकाण बदलल्याने एकूण अंतर लक्षणीय घटू शकते. ही बेरीज करायला अर्धा तास लागतो आणि ती फार क्वचित केली जाते.

सुटीच्या प्रवासाला दुसरे गणित लागू पडते. विमानाचा भार मुक्काम पाच दिवसांचा असो की पंचवीस दिवसांचा, तेवढाच राहतो. दरवर्षी पाच दिवसांसाठी दूर जाण्याऐवजी एक वर्षाआड दहा-बारा दिवसांसाठी गेले, तर सुटीचे दिवस तेवढेच राहतात आणि उड्डाणे निम्मी होतात. नातलग दूर देशी असलेल्या कुटुंबांना दूर जाणे टाळा असे सांगणे निर्दयपणाचे ठरेल. त्यांच्यासाठी मात्र मुक्काम लांबवणे आणि फेऱ्या विरळ करणे हा मार्ग बहुधा मनालाही पटणारा असतो.

विमान कंपन्यांच्या ‘माइल्स’ योजनांबद्दल येथेच एक सांगणे आहे. गुण वाया जाऊ नयेत म्हणून केलेला प्रवास फुकट वाटतो, पण इंधन तेवढेच जळते. वर्ष संपण्यापूर्वी सदस्यत्वाचा दर्जा टिकवण्यासाठी विनाकारण उडणारी माणसेही असतात. हे गुण इतर खरेदीसाठी वापरता येत असतील तर तेथे वापरावेत.

जवळचे अंतर जमिनीवरून

विमान सर्वांत जास्त वेगाने इंधन जाळते ते धावपट्टी सोडून वर चढताना. लांबच्या प्रवासात हा चढणीचा खर्च हजारो किलोमीटरवर विभागला जातो. तीन-चारशे किलोमीटरच्या उड्डाणात विमान पुरेशा उंचीवर स्थिरावते न स्थिरावते तोच उतरू लागते, त्यामुळे दर किलोमीटरमागचा भार वाढतो. म्हणून आगगाडीने एका दिवसात किंवा एका रात्रीत गाठता येणाऱ्या गावासाठी विमान हा शेवटचा पर्याय समजावा. फ्रान्समध्ये २०२३ पासून हे तत्त्व, मर्यादित स्वरूपात का होईना, कायद्यातच आले आहे: जेथे अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते अशा काही मार्गांवरील देशांतर्गत उड्डाणे बंद करण्यात आली, आणि त्यांत पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नाँत व लिआँ येथे जाणारे मार्ग आले.

वेळेची तुलना करताना उड्डाणाचा कालावधी आणि गाडीचा कालावधी एकमेकांसमोर ठेवणे ही नेहमीची चूक आहे. दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजावा. शहराबाहेरच्या विमानतळावर जाणे, दीड-दोन तास आधी हजर राहणे, सुरक्षा तपासणीची रांग, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ उभे राहणे आणि पुन्हा शहरात येणे, हे सारे धरले की एक तासाचे उड्डाण पाच तासांचे होते, आणि त्यांतील सलग बसून काम करता येईल असा वेळ जेमतेम अर्धा तास निघतो.

विजेवर चालणाऱ्या गाडीचा भार ती वीज कशापासून तयार होते यावर अवलंबून असतो, तरीही ती बहुतेक सर्वत्र विमानापेक्षा बरीच हलकी पडते. भरलेली बसही चांगला पर्याय आहे. मोटारीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. १०० किलोमीटरला ६ लिटर पेट्रोल पिणारी मोटार एक लिटरमागे सुमारे २.३ किलो या हिशेबाने दर किलोमीटरला १३८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. आत एकटा चालक असेल तर हा आकडा विमानाच्या पंक्तीत जाऊन बसतो. चौघे असतील तर माणशी ३५ ग्रॅम होतात. म्हणजे ‘विमान टाळून मोटारीने गेलो’ या वाक्याचा अर्थ मोटारीत किती जण होते हे कळल्याशिवाय लागत नाही.

उडायचेच असेल तर कोणते विमान

थेट विमान मिळत असेल तर तेच घ्यावे. मधल्या विमानतळावर उतरून दुसरे विमान पकडण्यात दुसरी चढण येते आणि वाटही वाकडी होते. समजा दोन शहरांमधील थेट अंतर ४,००० किलोमीटर आहे आणि मधल्या शहरावरून गेल्यास २,३०० अधिक २,७०० असे ५,००० किलोमीटर पडतात, तर केवळ अंतरातच २५ टक्के वाढ झाली. असे वळणाचे तिकीट पुष्कळदा स्वस्त असते, आणि हीच त्यातली मेख आहे. याला अपवाद अतिदीर्घ उड्डाणांचा: चौदा-पंधरा तास सलग उडणाऱ्या विमानाला शेवटच्या तासांचे इंधन सुरुवातीपासून वाहून न्यावे लागते, म्हणजे इंधन नेण्यासाठीच इंधन जळते. तेथे अगदी वाटेवरच्या एका थांब्याने फारसे नुकसान होत नाही.

त्यानंतर आसनाचा वर्ग पाहावा. विमानातली जागा ठरलेली असते आणि एका झोपता येणाऱ्या आसनाच्या जागेत साध्या वर्गातील दोन-तीन माणसे मावतात, म्हणून भारही जागेच्या प्रमाणात वाटावा लागतो. जागतिक बँकेच्या २०१३ च्या अभ्यासात बिझनेस क्लासच्या प्रवाशाचा भार इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट आणि फर्स्ट क्लासचा तर नऊ पटींपर्यंत धरला आहे. वर काढलेला एक टनाचा आकडा अशा रीतीने तीन टनांवर जाऊ शकतो, आणि त्यासाठी प्रवाशाने काहीच वेगळे केलेले नसते, तो फक्त पडद्याच्या पुढच्या बाजूला बसलेला असतो. पाठदुखीमुळे किंवा वयामुळे ज्यांना पाय पसरण्याची खरोखर गरज आहे त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण कचेरी पैसे देते म्हणून वरचा वर्ग घेणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा. खासगी जेटचा प्रश्न बहुतेक वाचकांपुढे येणार नाही. युरोपातील ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार ही विमाने दर प्रवाशामागे व्यावसायिक विमानांच्या ५ ते १४ पट प्रदूषण करतात, एवढी नोंद पुरे.

विमानाचा प्रकार तिकिटाच्या तपशिलात बहुधा लिहिलेला असतो आणि तो वाचण्याची सवय लावून घेण्यासारखी आहे. लांब पल्ल्यासाठी एअरबस ए३५० आणि बोइंग ७८७ ही दोन इंजिनांची विमाने आपल्या आधीच्या पिढीपेक्षा साधारण २० ते २५ टक्के कमी इंधन जाळतात. चार इंजिनांची ए३४० किंवा ७४७ दिसली आणि त्याच दिवशी दुसरा पर्याय असला, तर तो घ्यावा. मध्यम पल्ल्यात ए३२०निओ, ७३७ मॅक्स आणि ए२२० ही नावे शोधावीत. छोट्या अंतरासाठी पंख्यांची टर्बोप्रॉप विमाने, उदाहरणार्थ एटीआर ७२, जेटपेक्षा कमी इंधनात काम भागवतात. त्यांचा आवाज आणि हादरे अनेकांना आवडत नाहीत, पण तासाभराचाच प्रश्न असतो. गूगल फ्लाइट्ससारख्या काही शोधसंकेतस्थळांवर आता भाड्याच्या शेजारी उत्सर्जनाचा अंदाजही दिसतो आणि त्यात विमानाचा प्रकार धरलेला असतो, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

आकाशातली पांढरी रेघ

विमानामागे उमटणारी पांढरी रेघ धुराची नसते. इंजिनातून गरम वाफ आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, आठ ते बारा किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे ४० अंश सेल्सियसच्या खाली असते, आणि वाफ त्या कणांवर क्षणार्धात गोठून बर्फाचे स्फटिक तयार होतात. आसपासची हवा कोरडी असेल तर रेघ मिनिटाभरात पुसली जाते. हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त, म्हणजे बर्फ टिकून राहील इतकी दमट असेल, तर तीच रेघ पसरत जाऊन तासन्‌तास राहणारा विरळ ढग होतो. हा ढग जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवून धरतो. दिवसा तो काही सूर्यप्रकाश परत अवकाशात पाठवून थोडी भरपाई करतो. रात्री परत पाठवण्यासाठी सूर्यप्रकाशच नसतो, त्यामुळे फक्त उष्णता अडकते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आंतरराष्ट्रीय मूल्यमापनानुसार विमानवाहतुकीच्या एकूण उष्णताकारक परिणामात कार्बन डायऑक्साइडचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे आणि उरलेल्यात या रेघांचा व त्यांच्यापासून झालेल्या ढगांचा हिस्सा सर्वांत मोठा आहे. फरक एवढाच की ढग काही तासांत विरतो, तर कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत राहतो. म्हणून एकाला टाळण्यासाठी दुसरा वाटेल तेवढा वाढवणे शहाणपणाचे नाही.

प्रवाशाच्या हातात यातले थोडेच आहे, पण काहीच नाही असे नव्हे. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये आग्नेय इंग्लंडवरील वाहतुकीचा अभ्यास केला, तेव्हा रात्रीची उड्डाणे एकूण वाहतुकीच्या चौथ्या हिश्शाएवढी असूनही रेघांमुळे होणाऱ्या तापमानवाढीतील ६० ते ८० टक्के वाटा त्यांचा आढळला. तेव्हा सकाळचे आणि मध्यरात्रीचे अशी दोन विमाने समोर असतील तर सकाळचे निवडावे. एखाद्या विशिष्ट दिवशी रेघ टिकेल की नाही हे त्या दिवसाच्या हवेवर ठरत असल्याने या उपायाचा लाभ हमखास नाही, पण त्यासाठी काही सोडावेही लागत नाही. खरे काम वैमानिक आणि हवाई नियंत्रकांचे आहे: २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० चाचणी उड्डाणांत दमट थर ओळखून उंची थोडी बदलली, तेव्हा रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या आणि त्या उड्डाणांना सुमारे २ टक्के जादा इंधन लागले.

सामान आणि विमानातील वागणूक

विमानात नेलेल्या जादा वजनाच्या साधारण ३ टक्के इतके इंधन दर तासाला ते वजन वाहण्यासाठी जळते. १० किलोची जादा बॅग १० तास उडाली तर ३ किलो इंधन, म्हणजे साडेनऊ किलो कार्बन डायऑक्साइड. टनाच्या तुलनेत हा एक टक्काही नाही, म्हणूनच सामानाचा विषय इतका खाली आला. तरीही २५० प्रवाशांनी प्रत्येकी ५ किलो कमी नेले, तर त्याच उड्डाणात ३७५ किलो इंधन वाचते आणि हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड सव्वा टनाच्या जवळपास कमी होतो. व्यवहारात करायचे ते इतकेच: बॅग आदल्या रात्री भरून घरच्या वजनकाट्यावर ठेवावी आणि मग ‘लागेल कदाचित’ या सदरातील वस्तू बाहेर काढून पुन्हा वजन करावे. माझ्या बॅगेतून दरवेळी निघणाऱ्या वस्तू ठरलेल्या आहेत: जोड्यांचा दुसरा जोड, जाडजूड पुस्तक आणि तिकडे सहज मिळणारी साबण-शाम्पूची पिशवी. काटा बहुधा तीन किलोंनी खाली येतो.

जेवण आधी नोंदवता किंवा नाकारता येत असेल तर ते जरूर करावे. आंतरराष्ट्रीय विमानांतून उतरलेले उरलेले अन्न अनेक देशांत जनावरांच्या रोगांच्या भीतीने जाळावे किंवा खोल पुरावे लागते, त्यामुळे त्याच्याबरोबर न उघडलेली पाकिटे आणि प्लॅस्टिकही जाते. उन्हाळ्यात उतरल्यावर खिडक्यांच्या झडपा खाली ओढण्यास सांगितले गेले तर ते आळसाने टाळू नये. आतली हवा थंड राहिली की उभ्या विमानातील वातानुकूलनाचा भार कमी होतो. बाटली बरोबर न्यावीच, पण ती भरून घेतली म्हणजे प्रवास हिरवा झाला असे मानू नये.

भरपाईचे पैसे आणि नवे इंधन

तिकिटाच्या शेवटच्या पानावर थोडे पैसे भरून आपला कार्बन ‘शून्य’ करण्याची चौकट दिसते. त्या पैशांतून कोठेतरी झाडे लावली जातात, जंगल राखले जाते किंवा धूर कमी करणाऱ्या चुली वाटल्या जातात, आणि तेथे वाचलेला कार्बन आपल्या नावे मांडला जातो. अडचण अशी की पैसे दिले नसते तर हे जंगल उभे राहिलेच नसते, हे सिद्ध करणे फार कठीण असते. क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान कराराखालील अशा प्रकल्पांचा युरोपीय आयोगासाठी २०१६ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा ८५ टक्के प्रकल्पांतील बचत खरोखर जादा असण्याची शक्यता कमी असल्याचा निष्कर्ष निघाला. लावलेले झाड तेवढा कार्बन शोषायला कित्येक दशके घेते, आणि मध्येच वणवा लागला तर तो परत सोडते. विमानाचा धूर मात्र आजच हवेत गेलेला असतो. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या कंपनीच्या अशा स्वरूपाच्या काही जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. माझे मत असे की ज्यांना द्यायचे आहेत त्यांनी हे पैसे एखाद्या चांगल्या कामाला दिलेली देणगी म्हणून जरूर द्यावेत, परंतु वहीतील कार्बनच्या आकड्यावर रेघ मारू नये.

शाश्वत विमान इंधनाची गोष्ट वेगळी आहे. वापरलेले खाद्यतेल, चरबी किंवा शेतातील टाकाऊ माल यांपासून तयार झालेले हे इंधन रासायनिकदृष्ट्या केरोसीनसारखेच असते, त्यामुळे इंजिनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच असतो. बचत होते ती कार्बन कोठून आला यात, आणि चांगल्या कच्च्या मालातून ती संपूर्ण जीवनचक्रात ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यात काजळी कमी होत असल्याने पांढऱ्या रेघाही विरळ होतात. सध्याच्या मानकांनुसार ते साध्या इंधनात ५० टक्क्यांपर्यंत मिसळता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचे बोइंग ७८७ केवळ याच प्रकारच्या इंधनावर लंडनहून न्यूयॉर्कला गेले. पण २०२४ मध्ये जगातील विमान इंधनात या इंधनाचा वाटा अवघा ०.३ टक्का होता. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के, २०३० पासून ६ टक्के आणि २०५० मध्ये ७० टक्के मिश्रण बंधनकारक केले आहे. तिकिटाबरोबर या इंधनासाठी जादा पैसे मागितले गेले, तर कंपनीला एक प्रश्न विचारावा: हे इंधन कायद्याने भाग पाडलेल्या प्रमाणापेक्षा जास्तीचे आहे काय? उत्तर ‘नाही’ असेल तर जे कंपनीला करावेच लागणार होते त्याचे पैसे आपण भरतो आहोत.

विजेच्या विमानांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. एक किलो केरोसीनमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम-आयन बॅटरीत पाव किलोवॅट-तासाच्या आसपास. २०२० मध्ये युरोपात प्रमाणपत्र मिळालेले पहिले विजेचे विमान, पिपिस्ट्रेल व्हेलिस इलेक्ट्रो, दोन आसनांचे आहे आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाते.

कचेरीचा नियम बदलणे

आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीला नियमांच्या बाबतीत दीर्घकाळ मोकळीक मिळत आली आहे. १९४४ च्या शिकागो कराराने विमानात आलेले इंधन आयातकरातून मुक्त ठेवले. १९९७ च्या क्योटो कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या उत्सर्जनाचा प्रश्न आयकाओकडे सोपवला. आयकाओची कोर्सिया ही भरपाई योजना २०१६ मध्ये ठरली आणि २०२७ पर्यंत तिच्यात सामील होणे देशांच्या मर्जीवर आहे. म्हणून वैयक्तिक संयमाच्या जोडीला आपण जेथे काम करतो त्या संस्थेच्या प्रवासविषयक नियमांकडे वळणे फायद्याचे आहे, कारण एका माणसाच्या दोन फेऱ्यांपेक्षा शंभर माणसांच्या नियमाचे वजन मोठे असते, आणि तो नियम बदलायला कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहावी लागत नाही.

सुरुवात प्रवासमंजुरीच्या अर्जापासून करावी. त्यात भाड्याच्या रकान्याशेजारी कार्बनचा एक रकाना घालावा, आणि ऑनलाइन बैठक का चालणार नाही याचे एका वाक्यातील उत्तर सक्तीचे करावे. ठरावीक तासांच्या आत आगगाडीने जाता येणाऱ्या ठिकाणांसाठी गाडीच मंजूर व्हावी, आणि गाडीतील प्रवासाचा वेळ कामाचा वेळ धरला जावा. हे दुसरे कलम नसेल तर पहिले कोणी पाळत नाही. सर्वांत स्वस्त तिकीटच घ्यावे असा नियम असेल, तर थेट विमानासाठी काही टक्के जादा भाडे देण्याची मुभा त्यात लिहून घ्यावी. प्रत्येक विभागाला वर्षासाठी पैशांप्रमाणेच टनांचाही अर्थसंकल्प द्यावा, आणि तो ठरवण्यासाठी मागील वर्षाची तिकिटे काढून, वर सांगितल्याप्रमाणे किलोमीटर आणि वर्ग यांवरून प्रत्येक तिकिटाचा आकडा एकाच गणनयंत्रावर मांडून घ्यावा. हे काम एका माणसाला साधारण दोन दिवस पुरते, आणि त्या यादीत एकाच शहराच्या, थोड्याच दिवसांच्या अंतराने केलेल्या फेऱ्या आधी शोधाव्यात.